नैरोबी बोलू लागली

नैरोबीच्या मध्यवस्तीत जीवनजी गार्डन्स नावाची बाग आहे. कराचीहून आलेले बोहरी व्यापारी अलीभाई मुल्ला जीवनजी यांनी ती १९०६ मध्ये शहराला दिली. युगांडा रेल्वेसाठी हिंदुस्थानातून मजूर नेणारे ते हेच जीवनजी. आज ‘द स्टँडर्ड’ म्हणून निघणाऱ्या केनियातल्या दैनिकाची सुरुवातही त्यांनीच मोंबासात एका साप्ताहिकाच्या रूपाने केली. त्यांच्या बागेतल्या बाकांभोवती १९९० च्या दशकापासून रिकामटेकडे, बेरोजगार, निवृत्त कारकून, विद्यार्थी असे सगळे जमतात आणि राजकारणावर कडाकडा भांडतात. या मंडळींनी आपल्या अड्ड्याला नाव दिले ‘बुंगे ला म्वानांची’, जनतेची संसद. शहराची खरी चावडी तीच.

तिची गरज का पडली हे कळायला थोडे मागे जावे लागेल. डॅनियल अराप मोई १९७८ ते २००२ अशी चोवीस वर्षे राष्ट्राध्यक्ष होते. बराच काळ देशात एकच पक्ष आणि एकच, सरकारी, रेडिओ होता. रात्रीच्या बातम्यांची सुरुवात ठरलेली: आज राष्ट्राध्यक्ष कुठे गेले आणि काय म्हणाले. खरी खबर मटाटूत, म्हणजे शहरभर धावणाऱ्या खासगी मिनीबसमध्ये, केशकर्तनालयात, चर्चच्या आवारात दबक्या आवाजात फिरायची. टेलिफोन असणे हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. साऱ्या देशात मिळून तीन लाखांच्या आसपास जोडण्या, आणि त्यासाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी.

२००० मध्ये सफारीकॉम आणि केनसेल या दोन मोबाइल कंपन्या मैदानात उतरल्या आणि चित्र पालटले. प्रीपेड कार्ड खरडायचे, आकडे टाकायचे, बोलायचे. पैसे संपत आले की मिस कॉल द्यायचा. २००७ च्या मार्चमध्ये सफारीकॉमने एम-पेसा सुरू केले. बँकेत खाते नसलेला माणूस टपरीवर रोकड देऊन गावाकडे आईला एसएमएसने पैसे पाठवू लागला. त्या वर्षअखेरीस पावणेचार कोटींच्या देशात एक कोटीहून जास्त मोबाइल जोडण्या होत्या.

याच सुमारास रेडिओही मोकळा झाला. किकुयू भाषेत कामेमे, लुओ भाषेत रामोगी, कालेंजिन भाषेत कास अशी एफएम केंद्रे निघाली. आपली भाषा रेडिओवर ऐकू येणे ही साधी गोष्ट नव्हे, लोकांनी ती मनापासून आपलीशी केली. मात्र त्यामुळे शहर कानांनी वेगवेगळे झाले. किबेरा, मथारे अशा दाटीच्या वस्त्यांत एका पत्र्याच्या भिंतीच्या अलीकडे एक केंद्र लागायचे, पलीकडे दुसरे, आणि दोन्हीकडे देश वेगळा दिसायचा.

त्या पार्श्वभूमीवर २७ डिसेंबर २००७ रोजी निवडणूक झाली. एका बाजूला राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी, किकुयू. दुसऱ्या बाजूला रायला ओडिंगा, लुओ. मतमोजणीत सुरुवातीला ओडिंगा पुढे होते, मग फरक आटत गेला, मग निकालच थांबला. ३० तारखेला मोजणीच्या सभागृहात गोंधळ माजला, पत्रकारांना बाहेर काढण्यात आले, आणि निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किविटू यांनी फक्त सरकारी वाहिनीच्या कॅमेऱ्यासमोर किबाकी सुमारे २ लाख ३० हजार मतांनी जिंकल्याचे जाहीर केले. पाठोपाठ, तिन्हीसांजेला, राष्ट्राध्यक्ष निवासाच्या हिरवळीवर शपथविधी उरकला. त्याच संध्याकाळी अंतर्गत सुरक्षा मंत्री जॉन मिचुकी यांनी सर्व वाहिन्यांचे थेट प्रक्षेपण बंद करण्याचा हुकूम काढला.

शहर पेटलेले आणि टीव्हीवर सिनेमे व गाणी. बातमीची जागा रिकामी ठेवता येत नाही, ती कोणीतरी भरतोच. ती भरली एसएमएसने. आज रात्री अमुक जमातीचे लोक तमुक वस्तीवर चालून येणार आहेत, आपल्या माणसांनी तयार राहावे, आपल्यात राहणाऱ्या ‘त्यांची’ यादी करावी, असे मजकूर या फोनवरून त्या फोनवर ढकलले जाऊ लागले. एसएमएस जातो ओळखीच्या नंबरांवर, आणि त्या दिवसांत भरवशाची ओळख म्हणजे आपली जमात. किकुयू माणसाला किकुयूंचे संदेश, लुओ माणसाला लुओंचे. पलीकडच्या घरात काय वाचले जाते आहे हे कोणालाच दिसत नव्हते, म्हणून अफवेला अडवणारे, ‘अरे, मी तिथेच आहे, तसे काही नाही’ म्हणणारेही कोणी भेटत नव्हते.

पुढे न्यायमूर्ती फिलिप वाकी यांच्या चौकशी आयोगाने १,१३३ मृत्यूंची नोंद केली. लाखो लोक घर सोडून पळाले. १ जानेवारीला एल्डोरेटजवळच्या किआंबा येथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायकामुलांना आग लावून मारले गेले. एसएमएसने माणसे मारली असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नव्हे. जमिनीचे जुने तंटे, पुढाऱ्यांनी पोसलेल्या टोळ्या आणि चोरीला गेलेला विश्वास ही कारणे फोनच्या कितीतरी आधीची. फोनने या कारणांना वेग दिला आणि दुसऱ्याचे ऐकण्याची वाट बंद ठेवली. सरकारच्या मनात एसएमएस सेवाच बंद करण्याचे होते. सफारीकॉमचे प्रमुख मायकल जोसेफ यांनी त्याऐवजी सर्व ग्राहकांना शांततेचे संदेश पाठवण्याचा पर्याय सुचवला आणि तो मानला गेला. दुकाने बंद, प्रीपेड कार्डे मिळेनाशी झालेली. अशा वेळी सेवा तोडली असती तर अडकलेल्या माणसाला जिवंत असल्याचे कळवायचेही साधन उरले नसते.

याच आठवड्यात एक वेगळे काम सुरू झाले. ओरी ओकोलो ही वकील तरुणी जोहान्सबर्गला राहायची आणि ‘केनियन पंडित’ नावाने लिहायची. मतदानासाठी ती घरी आली होती. थेट बातम्या थांबल्यावर लोक तिला जे कळवत ते ती लिहू लागली, पण एकट्या माणसाला ते आवरेना. जानेवारीच्या सुरुवातीला तिने जाहीरपणे विचारले, की कुठे काय घडते आहे ते नकाशावर मांडता येईल का? एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच आणि डेव्हिड कोबिया असे काही जण पुढे आले आणि थोड्याच दिवसांत ‘उशाहिदी’ उभे राहिले. स्वाहिलीत उशाहिदी म्हणजे साक्ष. एसएमएस किंवा ईमेलने माहिती कळवायची, शक्य तितकी ताडून ती नकाशावर टिंबाच्या रूपात उमटायची. इथे लूट, इथे गोळीबार, इथे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना वाचवले.

कोबियाचे दुसरे एक काम मला त्याहून महत्त्वाचे वाटते. तो अमेरिकेत अलाबामात राहून परदेशस्थ केनियन लोकांसाठी ‘मशाडा’ हे चर्चेचे संकेतस्थळ चालवत होता. हिंसेच्या दिवसांत तिथे इतके विष ओतले जाऊ लागले की जानेवारीअखेर त्याने स्वतःच उभारलेले ते स्थळ बंद केले आणि त्या जागी दुसरे उघडले. नाव ठेवले ‘मला जमात नाही’. लोक तिथे येऊन कबुल्या, प्रार्थना, माफी लिहू लागले. त्या वेळी हे भाबडेपणाचे वाटण्यासारखेच होते. सोळा वर्षांनी तेच शब्द नैरोबीच्या रस्त्यांवर घोषणा म्हणून आले.

कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने २८ फेब्रुवारी २००८ रोजी समझोता झाला. पुढच्या दोनअडीच वर्षांत दोन पाये घातले गेले. पहिला समुद्राखालचा. २००९ मध्ये मोंबासाच्या किनाऱ्याला सीकॉम आणि टीम्स या केबल लागल्या आणि उपग्रहाच्या महागड्या, रखडत चालणाऱ्या इंटरनेटचे दिवस संपले. दुसरा कागदावरचा. ऑगस्ट २०१० मध्ये नवे संविधान आले आणि त्यात बोलण्याचा, जमण्याचा, माहिती मिळवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला गेला. त्याच वर्षी भारती एअरटेलने झेन कंपनीचा आफ्रिकेतला व्यवसाय १०.७ अब्ज डॉलरला घेतला. ऑगस्टमध्ये झेनने कॉलचा दर मिनिटाला ३ शिलिंगवर आणला आणि दरयुद्ध पेटले. पाठोपाठ शंभर डॉलरच्या आतबाहेरचे स्मार्टफोन आले. बोलणे स्वस्त झाले नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

या काळातला एक माणूस मला फार आवडतो. नाकुरू शहराजवळच्या लानेट उमोजा भागाचे सरकारी प्रमुख फ्रान्सिस करियुकी. हरवलेली मेंढी, बैठकीची वेळ, शाळेची सूचना हे सगळे ते ट्विटरवर लिहीत. ज्यांच्याकडे साधा फोन होता त्यांना ते एसएमएस म्हणून मिळे. एकदा पहाटे चारच्या सुमाराला एका शिक्षकाच्या घरात चोर शिरल्याचा फोन आला. करियुकींनी ट्वीट केले, काही मिनिटांत शेजारीपाजारी घराभोवती जमले आणि चोर पळाले. २००८ मध्ये माणसाला माणसावर सोडणारे तेच साधन इथे शेजाऱ्याला शेजाऱ्याच्या दारात आणत होते. फरक एकच, करियुकींचा संदेश सगळ्यांना एकाच वेळी दिसत होता.

नैरोबीला स्वतःचा आवाज पहिल्यांदा जाणवला तो मार्च २०१२ मध्ये. शहरातल्या एका बसस्थानकावर हातबॉम्बचा हल्ला झाला आणि सीएनएनने ‘केनियात हिंसाचार’ अशी पट्टी झळकवली, जणू पुन्हा यादवी पेटली होती. ‘कोणीतरी सीएनएनला सांगा’ या अर्थाचा हॅशटॅग घेऊन हजारो लोक तुटून पडले, आणि वाहिनीच्या बातमीदाराला माफी मागावी लागली. २०१५ मध्ये बराक ओबामांच्या दौऱ्याआधी हेच पुन्हा घडले, तेव्हा वाहिनीचा वरिष्ठ अधिकारी विमानाने नैरोबीत येऊन माफी मागून गेला. आफ्रिकेविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आफ्रिकेने ऐकून घ्यावे, हा प्रघात त्या दिवसांत मोडला.

त्याआधी शहराची मोठी परीक्षा झाली होती. शनिवार, २१ सप्टेंबर २०१३. वेस्टगेट मॉलच्या छतावरच्या वाहनतळात मुलांची पाककला स्पर्धा रंगली होती. भारतीय वंशाच्या श्रोत्यांत लोकप्रिय असलेल्या ईस्ट एफएम केंद्राची निवेदिका तिचे सूत्रसंचालन करत होती, इन्स्टाग्रामवर फोटो टाकत होती. दुपारी बारानंतर अल-शबाब या दहशतवादी संघटनेचे बंदूकधारी आत शिरले. मारल्या गेलेल्या ६७ जणांत ती होती. दुकानांच्या मागच्या खोल्यांत, टेबलांखाली लपलेली माणसे आवाज बंद केलेल्या फोनवरून घरच्यांना संदेश पाठवत राहिली. फोनाफोनीने खबर पसरली आणि पोलिसांचे विशेष दल पोचण्याआधी परवान्याच्या बंदुका असलेले काही नागरिक, त्यांत भारतीय वंशाचेही, आत घुसून लोकांना बाहेर काढू लागले. रक्तदानाची हाक ट्विटरवर गेली आणि रांगा लागल्या. मदतीचा पैसा एम-पेसावरून आला.

हल्लेखोरही तिथेच होते. अल-शबाब ट्विटरवरून हल्ल्याचे धावते वर्णन करत होती. एक खाते बंद केले की दुसरे उघडायचे. सरकारी खाती ‘परिस्थिती आटोक्यात’ असल्याचे सांगत राहिली आणि वेढा चार दिवस चालला. हल्लेखोर किती याचे आकडे बदलत गेले. पुढे मॉलमधल्या कॅमेऱ्यांची चित्रफीत बाहेर आली, त्यात सैनिक पिशव्या भरून नेताना दिसले. लोकांनी सरकारी निवेदन आणि चित्रफीत शेजारी ठेवून प्रश्न विचारले. अधिकाऱ्यांचा शब्द तपासून घेण्याची सवय शहराला इथे लागली असे मला वाटते.

सरकारनेही धडा घेतला, पण दुसरा. दूरसंचार कायद्यातले कलम २९ वापरून लिहिणाऱ्यांना पकडले जाऊ लागले. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते कलम संविधानविरोधी ठरवले, तर २०१८ मध्ये सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा आला. ३० जानेवारी २०१८ रोजी, निवडणुकीचा निकाल नाकारून, ओडिंगांनी उहुरू पार्कमध्ये ‘जनतेचा राष्ट्राध्यक्ष’ म्हणून शपथ घेतली, तेव्हा तीन मोठ्या वाहिन्या सरकारने बंद पाडल्या. दहा वर्षांपूर्वी पडदा काळा झाला की शहर आंधळे होई. या वेळी लोकांनी फोन काढले आणि सोहळा यूट्यूब, फेसबुकवर पाहिला.

बाजारही मागे नव्हता. मोझिला फाउंडेशनसाठी ओडांगा मडुंग आणि ब्रायन ओबिलो यांनी २०२१ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसले, की न्यायाधीशांवर आणि कार्यकर्त्यांवर चिखलफेक करण्यासाठी तरुणांना दिवसाला दहापंधरा डॉलर मिळत, तेही मोबाइलवरून. सकाळी व्हॉट्सॲप गटावर हॅशटॅग आणि मजकूर यायचा, दुपारपर्यंत तो देशभर ‘ट्रेंड’ व्हायचा. याच शहरात एका कंत्राटदार कंपनीच्या कार्यालयात आफ्रिकेतल्या अनेक देशांचे तरुण फेसबुकवरची हिंसेची, द्वेषाची चित्रे दिवसभर पाहून छाटत होते. ‘टाइम’ नियतकालिकाने २०२२ मध्ये त्यांची कैफियत मांडली. काहींना तासाला दीड डॉलर मिळत होता आणि मनावर झालेल्या जखमांना कोणी वाली नव्हता. फेसबुकच्या मालक कंपनीवर खटला चालवता येईल, हे केनियाच्या न्यायालयांनी नंतर मान्य केले. २००८ मध्ये द्वेषाचे संदेश सोसलेल्या शहरातच खंडभरातल्या द्वेषाची छाननी इतक्या स्वस्तात व्हावी, याची चीड येते.

मग आले २०२४. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांच्या सरकारने सुमारे ३४६ अब्ज शिलिंग उभारण्यासाठी वित्त विधेयक मांडले. पावावर मूल्यवर्धित कर, खाद्यतेलावर अबकारी, गाडीच्या किमतीवर अडीच टक्के वार्षिक कर, आणि सॅनिटरी पॅड, डायपरपर्यंत पोचणारा पर्यावरण अधिभार. एरवी अशी विधेयके कोणी वाचत नाही. या वेळी पंचविशीच्या आतबाहेरच्या मुलामुलींनी ती वाचली. टिकटॉकवर एकेक कलम घेऊन, कोणी किकुयूत, कोणी लुओत, कोणी कांबात, आणि बहुतेक शेंगमध्ये, म्हणजे नैरोबीच्या गल्ल्यांत स्वाहिली आणि इंग्रजीच्या मिसळणीतून वाढलेल्या बोलीत, ‘तुझ्या घरखर्चात नेमके काय वाढणार’ हे समजावून सांगितले. एका तरुण संगणक अभियंत्याने विधेयकावरच्या प्रश्नांना उत्तरे देणारा चॅटबॉट बनवला. खासदारांचे मोबाइल नंबर जाहीर झाले आणि त्यांच्या फोनवर संदेशांचा पूर लोटला.

मातृभाषेच्या ज्या वाटेने २००८ मध्ये माणसे वेगळी पडली, त्याच वाटेने आता एकच विधेयक सगळ्यांच्या घरात पोचले. माझ्या लेखी या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच आहे. ‘ना जमात, ना पक्ष, ना नेता’ ही घोषणा घेऊन १८ जूनला पहिला मोर्चा निघाला. पावावरचा कर त्याच दिवशी मागे घेण्यात आला, पण लोक थांबले नाहीत. अश्रुधुरातून वाट काढताना ते वॉकीटॉकीसारख्या चालणाऱ्या झेलो ॲपवर बोलत. कोणत्या ठाण्यात कोण डांबला आहे याच्या याद्या वकील संघटना प्रसिद्ध करत होती, वकील आणि डॉक्टर विनामूल्य धावत होते, जखमींसाठी मोबाइलवरून कोट्यवधी शिलिंग जमत होते.

२५ जूनला संसदेने १९५ विरुद्ध १०६ मतांनी विधेयक मंजूर केले. काही वेळातच जमाव संसदेत घुसला आणि इमारतीचा एक भाग पेटला. पोलिसांनी गोळ्या चालवल्या. इंटरनेट बंद करणार नाही, असे सरकारी नियामकाने आदल्याच दिवशी सांगितले होते, तरी त्या दुपारी देशभर ते मंदावले. दुसऱ्या दिवशी रुटोंनी विधेयकावर सही करायला नकार दिला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १ जुलैपर्यंत ३९ मृत्यू नोंदवले. पुढे हा आकडा साठाच्या घरात गेला. ५ जुलैला रुटो एक्सवरच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवरच्या, खुल्या ध्वनिसभेत आले. दीड लाखाहून जास्त लोक ऐकत होते आणि अनोळखी तरुण राष्ट्राध्यक्षांना थेट जाब विचारत होते. ११ तारखेला त्यांनी जवळजवळ सगळे मंत्रिमंडळ बरखास्त केले.

नेता नसल्याने चळवळ विकत घेता आली नाही, पण नेता नसल्याने तिला वाटाघाटीच्या मेजावर खुर्चीही मिळाली नाही. ती खुर्ची जुन्या विरोधकांनी घेतली. जुलैअखेर ओडिंगांच्या पक्षाच्या माणसांची नावे मंत्रिपदासाठी जाहीर झाली. ज्यांनी फोनवरून लोकांना एकत्र आणले, त्यांच्या दारात नंबरप्लेट नसलेल्या गाड्या येऊ लागल्या. जून ते डिसेंबर २०२४ या काळात मानवाधिकार आयोगाने अपहरणाच्या ८२ घटना नोंदवल्या. त्यांत राष्ट्राध्यक्षांच्या काळ्या छायाकृती काढणारा एक व्यंगचित्रकारही होता. ज्या साधनाने हाक दिली तेच साधन हाक देणाऱ्याचा माग सांगते, हे तरुणांना कळले आणि बरेच जण गप्प झाले.

सगळेच नव्हे. जून २०२५ मध्ये पोलीस उपप्रमुखांविषयी एक्सवर लिहिल्याच्या आरोपावरून एका ३१ वर्षांच्या शिक्षकाला होमा बे परगण्यातून उचलून शेकडो किलोमीटर दूर नैरोबीत आणले गेले. कोठडीत त्याचा मृत्यू झाला. त्याने भिंतीवर डोके आपटून घेतले, असे पोलीस म्हणाले. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ते खोडून काढले. निदर्शने पेटली, उपप्रमुख पदावरून बाजूला झाले, आणि पोलीस अधिकाऱ्यांसह सहा जणांवर खुनाचा आरोप ठेवला गेला. त्याच महिन्याच्या २५ तारखेला, संसदेवरच्या मोर्चाच्या पहिल्या स्मृतिदिनी, वाहिन्यांना निदर्शनांचे थेट प्रक्षेपण थांबवण्याचा आदेश निघाला. उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. ऑक्टोबरमध्ये सायबर गुन्ह्यांचा कायदा आणखी कडक करणाऱ्या दुरुस्तीवर रुटोंनी सही केली आणि तिच्यातली काही कलमेही न्यायालयाने आठवडाभरात रोखून धरली. पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे.